प्रेसशॉपच्या घरात माझ्यामागे कोणी राहावे

लिहून ठेवणार : श्रीमती विमलबाई लक्ष्मणराव तोडकर, वय वर्षे ७१, व्यवसाय पूर्वी कारखाना व आता स्वयंपाक, राहणार पिंपळे गुरव, पुणे ४११०६१.

माझी अक्कल ठिकाणावर आहे. तसा डॉ. कुसुमताई बेंद्रे यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला वार आणि तारीख विचारली आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. चौथ्या वजाबाकीलाच त्या "पुरे" म्हणाल्या होत्या, पण मी दोनपर्यंत जाऊन थांबले. गुडघे ठिकाणावर नाहीत, मात्र मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असा वकिलांचा सल्ला आहे.

हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणायचा प्रयत्न झाला, तो कलम ७ मध्ये लिहिला आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याने दाखवावे.

१. मिळकत. पिंपळे गुरव येथील चार गुंठे जागा माझे वडील कै. गेनूजी देवकर यांनी १९८५ साली रीतसर बक्षीसपत्राने मला दिली. जावयावर आपला पूर्ण विश्वास आहे असे ते चारचौघांत सांगत आणि कागद लेकीच्या नावाने करत. जावई म्हणजे माझे पती लक्ष्मणराव. बीडकडून आलेले, आकुर्डीला दुचाकीच्या कंपनीत टूलरूमला होते. नोकरी सोडून त्यांनी माझ्या जागेवर साठ बाय चाळीस फुटांची शेड उभी केली आणि चार पॉवर प्रेस बसवले. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा कापणारे, वाकवणारे मशीन. समोर पत्रा आहे की हात, हे त्याला कळत नाही. बाहेर बोर्ड लागला, "प्रोप्रायटर एल. बी. तोडकर". जागा माझी, मालासोबत जाणारी चलने माझी, कामगारांची हजेरी माझी, माल परत आला की कंपनीच्या लोकांशी भांडण माझे. बोर्ड त्यांचा.

या शेडचा निवासी वापर करण्याची परवानगी घेतलेली आहे. कागद निळ्या फाइलमध्ये आहेत. फाइल कुठे आहे हे फक्त हसीनाला माहीत आहे, आणि ते का, हे पुढे येईल.

२. अपघात नोंदवही. दिनांक १७ ऑगस्ट १९९४ रोजी, दुसऱ्या पाळीत, आमच्याकडे प्रेसवर काम करणाऱ्या हसीना शेख हिच्या उजव्या हाताची दोन बोटे तीन नंबरच्या प्रेसमध्ये गेली. तिचे वय तेव्हा एकोणतीस. तिचा नवरा त्याच्या आदल्या वर्षी गेलेला. प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच तो चालतो, म्हणजे हात आत राहू शकत नाही. माल लवकर निघावा म्हणून लक्ष्मणरावांनी एक बटण सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून कायमचे दाबून ठेवले होते. ते मी पहिल्या दिवशीच पाहिले.

मी म्हणाले, "अहो, हे बरं न्हवं."

ते म्हणाले, "तू चलनं लिही."

मी चलने लिहिली.

अपघातानंतर ती पट्टी मी माझ्या हाताने कात्रीने कापली आणि न्हाणीघरातल्या बंबात टाकली. मग लक्ष्मणरावांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली, कारण त्यांचे अक्षर कोणाला लागत नसे. उभ्या उभ्या त्यांनी सांगितले, "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे." मी ते सुवाच्य लिहून काढले.

ती नोंद खोटी आहे असे मी येथे जाहीर करते. निष्काळजीपणा मालकाचा होता आणि मालकिणीला तो ठाऊक होता. ती वही हसीनाच्या ताब्यात द्यावी. तिचे काय करायचे ते तिने ठरवावे.

कै. लक्ष्मणरावांचा मोठा फोटो माझा मुलगा जयदीप याला द्यावा. त्यांच्या शोकसभेत माझे चुलतभाऊ नानासाहेब देवकर त्यांना "कामगारांचे दैवत" म्हणाले होते. दैवताला नारळ वाहतात, एवढेच मला माहीत होते.

३. गंजलेले पत्रे. लक्ष्मणराव २०१२ साली वारले. त्यानंतर पाच वर्षे मी शॉप चालवला, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यांच्यापेक्षा बरा चालवला. पण कामे एकेक करून चाकणच्या नव्या कारखान्यांकडे गेली. २०१७ साली मी शटर ओढले. त्याच आठवड्यात जयदीप वाकडहून आला. तो आयटीत आहे. काय करतो ते त्याने मला तीनदा समजावले आहे.

"आई, ही जागा आता डेड ॲसेट आहे," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"म्हणजे काही उपयोगाची नाही. माझ्या ओळखीचा एक बिल्डर आहे..."

"उपयोगाची न्हाई तर बिल्डर कशाला घेतोय?"

मी त्याला सांगितले की मी शेडमध्ये राहायला जाणार आहे. ही बातमी गावभर झाली. नानासाहेब काठी टेकत आले. "विमल, देवकरांची लेक पत्र्यात राहणार व्हय? लोकं काय म्हणतील?" मी म्हटले, "दादा, लोकं सतराव्या मजल्यावर कबुतरांसंगं राहत्यात. त्यांना कोण काय म्हणतंय?"

मग जयदीपने मोबाइलवर कसलासा व्हिडिओ पाहिला. जुन्या कारखान्यांची घरे करून लोक त्यात राहतात आणि त्याला इंडस्ट्रियल लूक म्हणतात, असे त्याला कळले. एका दिवसात डेड ॲसेट जिवंत झाला. तेजस्विनी नावाची एक डिझायनर मुलगी घेऊन तो आला. मुलगी मनाने चांगली होती, डोक्याने जरा बाणेरच्या टॉवरातली. शेडचा आत्मा जपला पाहिजे, असे ती म्हणाली. मी म्हटले, जपा, पण तो पावसाळ्यात गळतो, तेवढे आधी बघा. तिने कोरे करकरीत लोखंडी पत्रे मागवले आणि त्यांच्यावर मीठ-व्हिनेगर मारून गंज चढवायला दोन माणसे लावली. तीस वर्षे आम्ही गंज चढू नये म्हणून ऑइल मारत होतो. एकदा गंजलेला लॉट कंपनीने परत पाठवला, तेव्हा लक्ष्मणराव दोन दिवस जेवले नव्हते. आमचा जुना फिटर सरदार मुलाणी, हसीनाचा धाकटा भाऊ, ते बघून म्हणाला, "ताई, आधी कळलं असतं तर आपण गंजाचाच धंदा टाकला असता."

इथवर ठीक होते. पण पुढे तेजस्विनीने तीन नंबरच्या प्रेसखालचा काळा डाग हेरला.

"काकू, एवढा पॅच ठेवूया. वरून काच टाकू, खालून लाइट देऊ. पाहुण्यांची नजर आधी इथेच जाईल."

तो डाग ऑइलचा होता. पण नुसता ऑइलचा नव्हता. काय झाले होते ते मी तिला सांगितले. तिने पाणी मागितले, प्यायली, पर्स उचलली आणि गेली. पुन्हा आली नाही. मला ती त्या दिवसापासून आवडते.

तिने मागे ठेवलेले गंजलेले अकरा पत्रे जयदीपला द्यावेत. त्याला ते आवडले होते.

४. घराचे काम. इंडस्ट्रियल लूक पाहिजे म्हणणाऱ्यांनी हे कलम वाचावे, म्हणजे शेडचे घर व्हिडिओतून होत नाही हे कळेल. मी आणि सरदारने फरशीपासून सुरुवात केली. ब्रेकर लावून सहा इंच काँक्रीट फोडले, कारण तेल तेवढे खाली मुरले होते. खालची माती काढली तरी महिनाभर वास गेला नाही. छताचे सिमेंटचे पत्रे उतरवून उष्णता अडवणारे जाड पत्रे बसवले. जुन्या पत्र्याखाली मे महिन्यात पापड भाजून निघाले असते. उत्तरेच्या भिंतीत सहा खिडक्या पाडल्या. छत तोलणाऱ्या लोखंडी कैच्या घासून, रंग देऊन तशाच ठेवल्या. शटर ठेवले आणि त्यातच माणसाच्या उंचीचे दार कापले. प्रेसचे तीन खड्डे बुजवले. चौथ्यात डिझायनरबाई मासे सोडणार होत्या. आम्ही माती भरून कढीपत्ता लावला. चलने लिहायची माझी काचेची केबिन आता स्वयंपाकघर आहे. तिथून अजूनही सगळी शेड दिसते. कोणी हळूहळू काम करताना दिसलेच तर ती मी असते.

या कामाच्या दिवसांत हसीना रोज सरदारचा डबा घेऊन येई. अपघातानंतर शटर पडेपर्यंत ती पॅकिंगला होती. फरशीखालून कुठल्या वायरी गेल्यात, कुठे पाणी साचते, हे कुठल्याही नकाशापेक्षा तिला जास्त माहीत. ती डाव्या हाताने दाखवी, "हितं न्हाई, सरदार, तिकडं. हितं लाइन हाय." एकदाही चुकली नाही.

सरदारने चौदा महिने घर बांधले, त्यात कोणी त्याला आर्किटेक्ट म्हटले नाही. म्हणून माझी सर्व हत्यारे, मायक्रोमीटर, व्हर्निअर, दोन्ही वाइस आणि कैचीला टांगलेली चेनपुली मी सरदार उस्मान मुलाणी याला देते. चेनपुली उतरवताना त्याने स्वतः चढू नये. त्याचे वय झाले आहे, हे त्याला कोणीतरी लेखी सांगायला हवे होते.

५. वर्तमानपत्राचे कात्रण. घर झाल्यावर एका पेपरच्या पुरवणीत त्यावर पान आले. कैचीखाली हाताची घडी घालून जयदीप उभा आहे आणि खाली लिहिले आहे, "आईच्या कारखान्याला मुलाने दिला नवा जन्म". आई फोटोत नाही. ती फोटोग्राफरसाठी चहा टाकत होती. सरदारही नाही, तो सांडपाण्याच्या पाइपात हात घालून बसला होता. या कात्रणाला जयदीपने फ्रेम केली आहे. फ्रेमसकट त्यालाच द्यावे.

६. गुडघा. २०२१ साली माझ्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. मी वाकडला जयदीपच्या फ्लॅटमध्ये अकरा दिवस राहिले. सूनबाई तनुजाने अकराही दिवस माझ्या पायाला तेल लावले, हे येथे नमूद करते. तिच्या घरात प्रत्येक डब्यावर, बरणीवर, वायरीवर रंगीत चिठ्ठी चिकटवलेली असते. बाराव्या दिवशी माझ्या औषधांच्या डब्यावर "आई" अशी चिठ्ठी दिसली आणि मला वाटले, आता आपल्या पाठीवर एक लागायच्या आत निघावे.

घरी आले तेव्हा हसीना चार दिवसांसाठी म्हणून पिशवी घेऊन सोबतीला आली. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. तिच्या नमाजाची वेळ आणि माझ्या मालिकेची वेळ जमत नव्हती, त्यावरून दोनदा भांडण झाले. मी मालिका सोडली. तशीही ती वाईटच होती.

त्याच महिन्यात एका दुपारी ती मसूर निवडत होती. मला पुढे राहवेना.

"हसीना, त्या वहीत मी खोटं लिवलं हुतं."

"माहीत हाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? मी सातवी पास हाय, ताई. हाताला पट्टी बांधून आले तवा वही टेबलावर उघडी हुती. अक्षर तुमचं. वळखलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलाल म्हणून."

"सत्तावीस वर्सं?"

"काम बी करायचं हुतं न्हवं." तिने मसुरातला खडा काढून बाजूला ठेवला. "गोळी घ्या. टाइम होऊन गेलाय."

त्या दिवशी मी रडले. ती रडली नाही. तिने मसूर निवडून संपवले.

७. कुलमुखत्यारपत्र. गेल्या दिवाळीत जयदीप कागदांचा गठ्ठा घेऊन आला. विजेचा मीटर घरगुती करायचा अर्ज आहे, म्हणाला. मीटर २०१९ सालीच घरगुती झालेला आहे, हे त्याला ठाऊक नव्हते, कारण बिल मी भरते. मी चष्मा लावला.

"आई, वाचत बसू नको गं. फॉर्मॅलिटी आहे."

"तीस वर्सं चलन वाचल्याशिवाय सही केली न्हाई मी. फकस्त एकदा वहीत लिवलं दुसऱ्याच्या सांगण्यावरून. ते अजून निस्तरतेय."

मधल्या एका पानाच्या कडेला पिवळी चिठ्ठी बाहेर आलेली होती. अक्षर तनुजाचे. त्यावर लिहिले होते, "कुलमुखत्यारपत्र". म्हणजे माझ्या वतीने ही मिळकत विकायचा अधिकार मी जयदीपला देत होते. तो पान उलटायला गेला, तोवर मी वाचले होते.

"हे काय, जयदीप?"

तो म्हणाला, "आई, तुझ्यानंतर कटकट नको म्हणून."

"माझ्यानंतर? हितं तर माझी आत्ताची सही मागतोयस."

तो लाल झाला. मोठा माणूस आहे, सेहेचाळीस वर्षांचा. पण दहावीला प्रगतिपुस्तकावर स्वतःच सही करून पकडला गेला होता, तसाच दिसला. कागद मी ठेवून घेतले आहेत. निळी फाइल त्याच दिवशी हसीनाकडे दिली.

ती पिवळी चिठ्ठी तनुजाने सवयीने लावली की मला दिसावी म्हणून लावली, हे मी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. माझ्या पाटल्या, बोरमाळ आणि नथ मी तनुजाला देते.

८. घर. वर वर्णन केलेली मिळकत, म्हणजे चार गुंठे जागा व त्यावरील घर, माझ्या पश्चात हसीना बादशाह शेख हिने तहहयात राहण्यासाठी वापरावी. तिला कोणीही बाहेर काढू नये, भाडे मागू नये किंवा "मावशी, तुम्हाला इथे एकटं वाटत नाही का" असे वारंवार विचारू नये. तिच्यानंतर पूर्ण मालकी हक्काने ती जयदीपला किंवा त्याच्या वारसांना मिळावी. जयदीपने या कलमाला हरकत घेतली तर त्याचा हक्क सरदारकडे जाईल. हसीना साठ वर्षांची आहे आणि रोज सकाळी नदीपर्यंत चालून येते. जयदीपला साखर आहे आणि तो दुसऱ्या मजल्यालाही लिफ्ट घेतो. मी वाईट चिंतत नाही. फक्त चालायला लाग म्हणते.

या कलमाच्या कच्च्या मसुद्यात मी "अपघाताच्या भरपाईपोटी" असे शब्द घातले होते. मागच्या आठवड्यात ॲड. सुमनताई वाघोले यांनी आमच्या स्वयंपाकघरात बसून मसुदा मोठ्याने वाचला. हसीना भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच ठेवून म्हणाली, "ते काढा."

सुमनताई म्हणाल्या, "अहो, कारण लिहिलेलं बरं असतं. उद्या कोणी कोर्टात गेलं तर?"

"बोटांच्या बदल्यात घर घेतलं तर मी काय म्हणायचं? गेली ते बरं झालं? तसलं घर नगं मला. सरदारकडं राहीन मी."

मी विचारले, "मग काय लिवू?"

"आपण दोघी हितं राहतो, म्हणून लिवा. खरं तेवढंच हाय."

म्हणून कारण असे नोंदवते : आम्ही दोघी इथे राहतो.

९. जे उरले. बँकेतील ठेव जयदीप आणि सरदार यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. माझ्या साड्यांपैकी हसीनाला हव्या त्या तिने ठेवाव्यात. नानासाहेबांना काही नाही, पण या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून मी त्यांचीच सही घेत आहे. पत्र्यात राहणाऱ्या बहिणीच्या घरी उन्हाळ्यात ते रोज दुपारी झोपायला येतात, कारण त्यांच्या स्लॅबच्या घरात उकडते. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम ॲड. सुमनताई वाघोले यांनी करावे. माझा तेरावा साधा करावा. भाषण कोणी करू नये, विशेषतः "दैवत" हा शब्द माहीत असलेल्यांनी.

१०. जयदीप. माझ्यामागे हे वाचून त्याला धक्का बसू नये, म्हणून काल रविवारी दुपारी मी त्याला आणि तनुजाला बोलावून सगळे वाचून दाखवले. गंजलेल्या पत्र्यांच्या कलमाशी तनुजा हसली. कलम २ ला जयदीपने मान खाली घातली, कारण वडिलांचे ते त्याला माहीत नव्हते. पंधरा वर्षांचा होता तो. कोणी त्याला सांगितलेच नाही, आणि न सांगणाऱ्यांत पहिली मी. एवढे त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

आजवर तो हसीनाला "त्या बाई" म्हणत आला. वाचून झाल्यावर तो उठला, केबिनच्या दाराशी गेला.

"मावशी," तो म्हणाला, "आईनंतर मी कधी इथे येऊन राहिलो तर चालेल का तुम्हाला?"

हसीनाने तव्यावरची भाकरी उलटली. त्याच्याकडे बघितले.

"आधी जेवायला बस," ती म्हणाली. "राहायचं मागनं बघू."

तो बसला. चार भाकऱ्या खाल्ल्या.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि मगच सही केली. कलम ८ मधले हसीनाचे एक वाक्य सोडले तर यात दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेले एकही वाक्य नाही.

सही
विमलबाई लक्ष्मणराव तोडकर

साक्षीदार. विमलबाईंनी आमच्या समक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्या समक्ष केली.

१. नानासाहेब बाबूराव देवकर, वय ७६, राहणार पिंपळे गुरव. (साक्षीदार कलम ९ मधील दुपारच्या झोपेबाबत असहमत आहेत, परंतु सही करीत आहेत.)

२. डॉ. कुसुमताई बेंद्रे, वय ५४, राहणार पिंपळे गुरव.

ठिकाण : पिंपळे गुरव
दिनांक : १२ जानेवारी २०२६, सोमवार